विश्लेषण : डोळ्यांचे डॉक्टर बंदुकीकडे का वळले? डॉ. मुंजे आणि लष्करी नेमबाजीच्या बदलत्या निकषांची गोष्ट

नागपूर मेट्रोच्या दोन मार्गिका जिथे एकमेकींना छेदतात, तो सीताबर्डीचा मुंजे चौक. रोज हजारो प्रवासी इथे गाडी बदलतात. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांची ओळख बहुतेकांना हिंदू महासभेचे नेते आणि नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलचे संस्थापक एवढीच असते. मात्र त्यांच्या आयुष्याचा एक मोठा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरला. सामान्य भारतीय तरुणाला रायफल चालवायला कोण शिकवणार, कुठे आणि कोणत्या दर्जाचे? त्यांच्या हयातीतच जगभर सैनिकाच्या नेमबाजीचे निकष पूर्णपणे बदलले. त्या बदलांच्या आधाराने मुंजे यांच्या आयुष्याचा हा आढावा.

कोण होते डॉ. मुंजे?

मुंजे यांचा जन्म १२ डिसेंबर १८७२ रोजी तेव्हाच्या मध्य प्रांतातील बिलासपूर येथे झाला. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकून ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात गेले आणि १८९८ मध्ये डॉक्टर झाले. मुंबई महापालिकेत वैद्यकीय अधिकारी म्हणून त्यांना नोकरीही मिळाली. मात्र लष्करी जीवनाची ओढ मोठी होती. दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू होताच त्यांनी ही नोकरी सोडली आणि लष्कराच्या वैद्यकीय पथकातून ते तिकडे गेले. परतल्यावर ते नागपुरात स्थायिक झाले. नेत्रतज्ज्ञ म्हणून त्यांचा जम बसला, डोळ्यांच्या विकारांवर त्यांनी संस्कृतात ग्रंथही लिहिला. राजकारणात ते लोकमान्य टिळकांचे अनुयायी होते.

बोअर युद्धात नेमके काय घडले?

हे युद्ध ऑक्टोबर १८९९ ते मे १९०२ या काळात झाले. एका बाजूला जगातील सर्वात मोठ्या साम्राज्याचे लष्कर, दुसऱ्या बाजूला डच वंशाचे शेतकरी. बोअर शेतकरी लहानपणापासून घोड्यावर बसत आणि शिकार करत. त्यांच्या हाती ७ मिलिमीटरची जर्मन माउझर रायफल होती. पाच काडतुसे एका क्लिपमध्ये अडकवलेली असत आणि एका झटक्यात आत ढकलली जात. दारू धूर न करणारी होती. त्यामुळे गोळी कुठून आली हे समोरच्याला कळत नसे.

ब्रिटिश सैनिकाकडे ली-मेटफर्ड आणि ली-एनफिल्ड या रायफली होत्या. त्यांचे मॅगझिन मोठे होते, पण काडतुसे एकेक करून भरावी लागत. त्याहून मोठी अडचण प्रशिक्षणाची होती. रांगेत उभे राहायचे, अधिकाऱ्याने अंतर सांगायचे आणि हुकूम होताच सर्वांनी एकदम गोळी झाडायची, ही जुनी पद्धत अजून सुटली नव्हती. प्रत्येक सैनिकाने स्वतः अंतर ओळखून, आडोसा घेऊन, एका माणसावर नेम धरायचा असतो, याचा सराव फार कमी झालेला होता. डिसेंबर १८९९ मध्ये अवघ्या एका आठवड्यात स्टॉर्मबर्ग, मागर्सफाँटेन आणि कोलेन्सो येथे ब्रिटिशांचे तीन पराभव झाले. त्या आठवड्याला ब्रिटनमध्ये काळा आठवडा म्हणतात.

अखेर ब्रिटिश जिंकले, पण त्यांचे सुमारे २२ हजार सैनिक मेले. त्यातील बहुसंख्य टायफॉइड आणि इतर रोगांचे बळी होते. लष्करी वैद्यकीय पथकांसाठी हे युद्ध जितके गोळ्यांच्या जखमांचे होते, तितकेच तापाच्या रुग्णांचे. या युद्धाने साम्राज्याच्या लष्कराला एक गोष्ट शिकवली. शेतकऱ्यालाही लहानपणापासून बंदूक मिळाली आणि सराव मिळाला, तर तो पगारी सैनिकाला भारी पडतो.

त्यानंतर निकष कसे बदलले?

ब्रिटनने दोन पातळ्यांवर काम केले. पहिली पातळी लष्कराची. १९०३ पासून आखूड नळीची नवी ली-एनफिल्ड आली. तिचे मॅगझिन १० गोळ्यांचे होते आणि पाच-पाच काडतुसांच्या क्लिपने ते पटकन भरता येत असे. १९०९ च्या नियमावलीत नेमबाजीची वार्षिक परीक्षा नव्याने आखली गेली. एका सैनिकाला वर्षाला सुमारे २५० गोळ्या सरावासाठी मिळत. परीक्षा २०० गुणांची असे. १३० गुण मिळवणारा मार्क्समन, १०५ गुणांना पहिला वर्ग, त्याखाली दुसरा आणि तिसरा वर्ग. पगारातील जास्तीचा भत्ता या वर्गाशी जोडलेला होता. त्यामुळे नेम चुकला की खिशाला झळ बसे.

याच परीक्षेतील एक टप्पा पुढे मॅड मिनिट या नावाने प्रसिद्ध झाला. जमिनीवर पालथे पडून, ३०० यार्डांवरील लक्ष्यावर एका मिनिटात १५ गोळ्या नेम धरून झाडायच्या. ३०० यार्ड म्हणजे सुमारे २७४ मीटर. त्या एका मिनिटात रायफल पुन्हा भरायचा वेळही धरलेला असे. ऑगस्ट १९१४ मध्ये बेल्जियममधील मॉन्सच्या लढाईत ब्रिटिश पायदळाच्या गोळीबाराचा वेग जर्मनांना जाणवला, तो या सरावामुळे.

दुसरी पातळी नागरिकांची. १९०१ पासून ब्रिटनमध्ये .२२ बोअरच्या छोट्या रायफलींचे क्लब गावोगावी निघू लागले. फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांनी त्यासाठी मोहीम चालवली. गिरणी कामगारानेही कामावरून सुटल्यावर सराव करावा, हा हेतू होता. छोट्या बोअरची काडतुसे स्वस्त आणि मैदानही लहान चाले.

चांगल्या नेमासाठी नेमके काय लागते?

तीक्ष्ण नजर असली की झाले, असा समज असतो. प्रत्यक्षात गणित वेगळे आहे. ली-एनफिल्डच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण अर्ध्या मीटरचे अंतर होते. नेम धरताना या दोन्हींची जुळणी अवघी १ मिलिमीटर चुकली, तर ३०० यार्डांवर गोळी अर्ध्या मीटरहून अधिक बाजूला जाते. म्हणजे माणसाच्या शेजारून निघून जाते. तेवढे अंतर कापायला गोळीला अर्ध्या सेकंदापेक्षा थोडा कमी वेळ लागतो आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षणाने ती जवळपास पाऊण ते एक मीटर खाली येते. साइटची पट्टी योग्य अंतरावर लावली, तरच हा फरक भरून निघतो. म्हणून अंतर ओळखणे हा नेमबाजीचा अर्धा भाग.

श्वास रोखणे, खटका हळू दाबणे, दांडा खांद्यात घट्ट बसवणे या सवयी शेकडो गोळ्या झाडल्यावरच अंगी मुरतात. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. रायफल, भरपूर काडतुसे आणि सुरक्षित मैदान. आपल्याकडे या मैदानाला चांदमारी म्हणतात. यातले काहीच घरी करता येण्यासारखे नाही. ते सरकारने किंवा संस्थेने पुरवावे लागते. डॉ. मुंजे यांच्या पुढच्या सगळ्या धडपडीचे मूळ इथे सापडते.

भारतात तेव्हा काय परिस्थिती होती?

अगदी उलट. १८५७ च्या उठावानंतर ब्रिटिशांनी भारतीय सैनिकांना मुद्दाम एक पिढी जुने शस्त्र द्यायचे धोरण ठेवले. गोऱ्या पलटणींकडे स्नायडर आली तेव्हा देशी पलटणींकडे तोंडाने भरायची एनफिल्ड होती. गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा देशी सैनिकांना स्नायडर मिळाली. नागरिकांसाठी १८७८ चा शस्त्र कायदा होता. परवान्याशिवाय भारतीयाला बंदूक बाळगता येत नव्हती, युरोपीयांना मात्र त्यातून सूट होती. ब्रिटनमधील कामगार संध्याकाळी क्लबात नेमबाजी करत होता, तेव्हा नागपूरच्या वकिलाला किंवा शिक्षकाला रायफल हातात धरायची सोय नव्हती.

पहिल्या महायुद्धात या धोरणाची किंमत कळली. १९१४ च्या सप्टेंबरअखेर भारतीय सैन्य फ्रान्समधील मार्सेल बंदरावर उतरले. त्यांच्या रायफली आणि काडतुसे तिथल्या ब्रिटिश सैन्यापेक्षा जुनी होती. त्यामुळे आघाडीवर जाण्याआधी बंदरावरच त्यांना नवी रायफल देण्यात आली. अनोळखी शस्त्राचा पुरेसा सराव होण्याआधीच हे जवान काही आठवड्यांत खंदकांत होते.

भरती कोणाची करायची, हाही प्रश्न होता. लढाऊ जमातींच्या सिद्धांतानुसार काही समाज जन्मतःच लढवय्ये आणि बाकीचे निरुपयोगी ठरवले गेले. १९३० च्या सायमन आयोगाच्या अहवालात प्रांतवार आकडे आहेत. सुमारे १ लाख ५८ हजार लढाऊ जवानांपैकी ८६ हजार एकट्या पंजाबचे होते. मुंबई इलाख्याचे ७ हजार. नागपूर ज्याची राजधानी, त्या मध्य प्रांत-वऱ्हाडचे फक्त १००. गंमत म्हणजे याच प्रांतात कामठीची जुनी छावणी होती आणि पचमढीला लष्कराची लहान शस्त्रांची शाळा होती. चांदमारीचा आवाज प्रांतात घुमत होता, पण प्रांतातील तरुणांना तिथे जागा नव्हती.

मुंजे यांनी राजकारणात काय केले?

टिळकांच्या निधनानंतर १९२० मध्ये नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन झाले आणि असहकाराचा मार्ग स्वीकारला गेला. मुंजे यांना गांधीजींचा अहिंसेचा आग्रह पटला नाही. ते हळूहळू काँग्रेसपासून दूर गेले. १९२३ आणि १९२७ मध्ये नागपुरात हिंदू-मुस्लीम संघर्ष झाला. त्यानंतर लष्करी शिक्षणाचा त्यांचा आग्रह आणि हिंदू संघटनाचे राजकारण एकमेकांत मिसळत गेले. १९२५ मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघ स्थापन करणारे डॉ. केशव बळीराम हेडगेवार हे त्यांच्या मार्गदर्शनाखाली वाढलेले. १९२७ पासून काही वर्षे मुंजे हिंदू महासभेचे अध्यक्ष होते.

त्याच दशकात ते केंद्रीय कायदेमंडळाचे सदस्य झाले. लष्कराचे भारतीयीकरण हा तिथे तापलेला विषय होता. १९१८ पासून इंग्लंडमधील सँडहर्स्ट या लष्करी महाविद्यालयात भारतीयांना वर्षाला जेमतेम १० जागा होत्या. लेफ्टनंट जनरल अँड्र्यू स्कीन यांच्या समितीने १९२६ मध्ये भारतातच असे महाविद्यालय काढण्याची शिफारस केली. सरकारने ती बाजूला ठेवली. १९३०-३१ च्या पहिल्या गोलमेज परिषदेला मुंजे गेले आणि संरक्षणविषयक उपसमितीत त्यांनी हा मुद्दा लावून धरला. पुढे सरसेनापती फिलिप चेटवुड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिचेही ते सदस्य होते. १ ऑक्टोबर १९३२ रोजी डेहराडूनला इंडियन मिलिटरी अकादमी सुरू झाली. पहिल्या तुकडीत ४० छात्र होते. त्यातील सॅम माणेकशॉ पुढे फील्ड मार्शल झाले.

मुसोलिनीच्या भेटीचा वाद काय आहे?

गोलमेज परिषदेहून परतताना मुंजे युरोपात फिरले आणि मार्च १९३१ मध्ये इटलीत थांबले. १९ मार्चला रोममध्ये त्यांची हुकूमशहा बेनितो मुसोलिनी याच्याशी भेट झाली. त्यांनी तिथल्या लष्करी आणि शारीरिक शिक्षणाच्या संस्था पाहिल्या. बालिला ही शाळकरी मुलांची फॅसिस्ट संघटनाही पाहिली. तिथे मुलांना गणवेश, कवायत आणि त्यांच्या उंचीला बेतलेल्या छोट्या रायफली दिल्या जात. या भेटीची नोंद मुंजे यांच्या रोजनिशीत आहे. जे पाहिले त्याने ते प्रभावित झाले होते, हे त्यातून स्पष्ट होते.

त्यांचे समर्थक याकडे लष्करी शिक्षणाच्या अभ्यासदौऱ्याचा भाग म्हणून पाहतात. टीकाकारांच्या मते इथून फॅसिस्ट संघटनेचा नमुना भारतात आला. वस्तुस्थिती अशी, की मुंजे इंग्लंड-युरोपातील अनेक लष्करी संस्था पाहत होते, आणि बालिलाचे कौतुक करताना त्या व्यवस्थेत नागरिकाच्या स्वातंत्र्याचे काय होते, या प्रश्नाला त्यांनी महत्त्व दिले नाही. ब्रिटनचे रायफल क्लब आणि इटलीची बालिला, दोन्हीकडे मुले आणि तरुण नेम धरायला शिकत होते. पहिल्यात सदस्य व्हायचे की नाही हे माणूस ठरवे. दुसरीत पक्ष ठरवे.

भोसला मिलिटरी स्कूल कसे उभे राहिले?

डेहराडूनला अकादमी निघाली, पण प्रवेश परीक्षेत टिकणारी मुले कुठून येणार? शहरांतील शिकलेल्या मध्यमवर्गात लष्कराची परंपरा उरली नव्हती. त्यासाठी शाळा हवी, असे मुंजे यांचे म्हणणे होते. १९३५ मध्ये त्यांनी सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि साठी ओलांडल्यावर देणग्यांसाठी संस्थानिक आणि उद्योगपतींचे उंबरे झिजवले. १२ जून १९३७ रोजी नाशिकला शाळा सुरू झाली. शिवाजी महाराजांच्या घराण्याचे नाव शाळेला दिले गेले. परिसराला रामभूमी, तर छात्रांना रामदंडी म्हणतात. नेहमीच्या अभ्यासक्रमाबरोबर कवायत, घोडेस्वारी आणि रायफलचा सराव हा शाळेचा कणा होता. दुसऱ्या महायुद्धात हिंदू तरुणांनी सैन्यात भरती व्हावे यासाठी मुंजे यांनी प्रचार केला. युद्धाच्या निमित्ताने रायफल हाती येईल आणि ती पुढे उपयोगी पडेल, असा त्यामागे हिशेब होता.

या प्रयत्नांची मर्यादा कोणती?

मुंजे यांनी ब्रिटिशांना विचारलेला प्रश्न रास्त होता. काही समाजांनाच शस्त्र का? पण त्यांनी स्वतः काढलेल्या संस्थेच्या नावात आणि योजनेत हिंदू समाज हीच चौकट होती. त्या योजनेतील लष्करी तयारीचा रोख केवळ परकीय आक्रमणाकडे नव्हता, देशातील दुसऱ्या समाजाकडेही होता. ब्रिटिशांनी वंशाच्या नावाने दार बंद केले होते. मुंजे यांनी ते धर्माच्या नावाने अर्धे उघडले.

त्याच काळात महाराष्ट्रात हाच लढा दुसऱ्या टोकाने चालू होता. मुंबई लष्करात पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या महार समाजाची भरती १८९० च्या दशकात बंद झाली. पहिल्या महायुद्धात १११ महार ही पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडण्यात आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील रामजी लष्करातच सुभेदार होते. बाबासाहेबांनी ही भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून सातत्याने पाठपुरावा केला. १९४१ मध्ये महार रेजिमेंट स्थापन झाली. तिची पहिली बटालियन बेळगावला आणि दुसरी नागपूरजवळ कामठीला उभी राहिली. लढाऊ जमातींच्या सिद्धांताला दिलेले हे उत्तर भरतीच्या नियमातून आले. त्यासाठी वेगळी शाळा काढावी लागली नाही.

मुंजे यांच्यानंतर काय झाले?

मार्च १९४८ मध्ये डॉ. मुंजे यांचे निधन झाले. त्यानंतर काही महिन्यांतच, १५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय छात्र सेना अस्तित्वात आली. शाळा-महाविद्यालयातील कोणत्याही जातिधर्माच्या मुलाला, आणि पुढे मुलीलाही, .२२ रायफलवर नेम धरायला मिळू लागला. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. तिच्या स्थापनेत लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांचा पुढाकार होता. राष्ट्रीय स्पर्धेआधीची स्पर्धा आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे यांनी ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, ते नागरी नेमबाजीच्या याच वाटेने.

लष्करातील निकषही पुढे सरकले. दुसऱ्या महायुद्धानंतर बहुतेक चकमकी ३०० मीटरच्या आत होतात, हे लक्षात आले. १९५० च्या दशकात अमेरिकी लष्कराने गोल चकतीवरचा सराव कमी केला आणि अचानक वर येणाऱ्या, क्षणात खाली जाणाऱ्या माणसाच्या आकाराच्या लक्ष्यांवर भर दिला. सैनिकाने लक्ष्य आधी शोधावे आणि मग झाडावे, हा त्यामागचा विचार. भारतीय सैन्यात ली-एनफिल्डची जागा १९६२ च्या युद्धानंतर ७.६२ मिलिमीटरच्या एसएलआरने, नंतर ५.५६ मिलिमीटरच्या इन्सासने घेतली. आता सिग ७१६ आणि अमेठीत बनणारी एके-२०३ येत आहेत. गोळीबाराच्या परीक्षेत मात्र मार्क्समन आणि फर्स्ट क्लास हे शब्द अजून तेच आहेत.

आज कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे प्रशिक्षण केंद्र आहे. देशाच्या सर्व भागांतून आणि सर्व समाजांतून आलेले तरुण तिथे सैनिक होतात, कारण या रेजिमेंटची रचनाच तशी आहे. ज्या प्रांतातून एके काळी फक्त १०० जवान घेतले जात, त्याच्या जुन्या राजधानीपासून हे केंद्र जेमतेम १५ किलोमीटरवर आहे.